घरचा कारकून

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकदाही रेल्वेचं तिकीट स्वतः काढलं नाही. ते तिकीट ‘आणायचे’. स्टेशनावर रांग लावायची, आरक्षणाचा फॉर्म भरायचा, गाडीचा नंबर, तारीख, वय, खालचा बर्थ की वरचा, सगळं टपोऱ्या अक्षरांत, आणि तो कागद खिडकीच्या खाचेतून आत सरकवायचा. काढायचं काम आतल्या माणसाचं. तो चष्मा नाकावर ओढून फॉर्म वाचायचा आणि कधीकधी तसाच बाहेर ढकलायचा. “अहो, बुधवारी ही गाडी नसतेच. तारीख बघा.”

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी नागपूरहून परतीची चार तिकिटं मोबाईलवर काढली. हातातला चहा निवायच्या आत काम झालं. सामानसुमान घेऊन डब्याशी पोचलो तेव्हा आमच्या जागांवर दुसरंच कुटुंब पुरी-भाजी सोडून बसलेलं. तिकिटं पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेची होती. ‘अहो, तारीख बघा’ म्हणायला मध्ये कुणी बसलंच नव्हतं.

रेल्वेची तिकिटं आपल्याकडे २००२ पासून नेटवर मिळायला लागली. त्यानंतर एकेक खिडकी अशीच बंद झाली, किंवा उघडी असली तरी तिच्याकडे जायचं आपण सोडलं. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, गॅसचा नंबर, पासबुकातली एंट्री. शेतकऱ्याचं बघा. पीकपेऱ्याची नोंद पूर्वी तलाठी करायचा (आणि बांधावर न येताच करायचा, ही तक्रार वेगळी). १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली; आता शेतकऱ्यानंच पिकात उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपमध्ये भरायचा. रेंज नसेल तर मोबाईल डोक्यावर धरून बांधाबांधानं फिरायचं. याला आपण ‘सेवा ऑनलाइन झाली’ म्हणतो. खरं म्हणजे खिडकीपलीकडचं काम अलीकडे आलं. रांगेचे दिवस परत आणा असं कुणी म्हणालं तर मी पहिला विरोध करीन. पण खिडकीतला कारकून गेला तसा त्याचा चष्माही गेला, आणि तो चष्मा आता घरात कुणीतरी लावायला हवा.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेत कारकून होते. कागद हातात आला की ते आधी शेवट वाचायचे: सही कुणाची, जावक क्रमांक आहे का. पावती मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि तोंडी सांगितलेलं काम झालेलं नसतं. लहानपणी आम्हाला या सवयींचं हसू यायचं. आज नेटवरचं कुठलंही काम करताना मला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. हा लेख म्हणजे त्याच सवयी मोबाईलला लावून बघण्याचा उद्योग आहे.

नंबर शोधू नका

माझे धाकटे काका निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुहूर्ताआधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका बघतात. मागच्या वर्षी त्यांनी सुनेसाठी मिक्सर मागवला, तो येईना. त्यांनी नेटवर कुरिअर कंपनीचं नाव टाकलं, पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं लिहिलं आणि जो पहिला नंबर आला तो फिरवला. पलीकडचा मुलगा मोठा अदबीचा. वाक्यावाक्याला सर. पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल अडकलंय, ५ रुपये भरून पत्ता पक्का करा, व्हॉट्सॲपवर फाइल टाकतो ती उघडा. काकांनी उघडली. फोननं विचारलं, या ॲपला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का? काकांनी ‘हो’ दाबलं. मग एक फॉर्म आला, त्यात कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. ते ५ रुपये काही जाईनात. “सर्व्हर डाउन आहे सर, तासाभरात होऊन जाईल,” म्हणून मुलानं फोन ठेवला. खरंच तासाभरात झालं. काका जेवायला बसेपर्यंत खात्यातून दोन हप्त्यांत ४८ हजार गेले होते. ओटीपी आले होते, पण ते काकांच्या आधी त्या ॲपनं वाचले होते.

काका रात्रभर कुणाला बोलले नाहीत. सकाळी काकूंनी चेहरा बघून खोदून विचारलं तेव्हा बाहेर पडलं. मी गेलो तर म्हणाले, “त्या मेसेजात ‘अपूर्ण’मधला पू ऱ्हस्व होता रे. मला दिसला होता.”

या प्रकारात फसणारी माणसं अडाणी नसतात, अडलेली असतात. पैसे अडकलेत, पार्सल आलं नाही, रिफंड लटकलाय अशा वेळीच आपण नंबर शोधतो, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच ठाऊक असतं. त्याला तुमच्याकडे यावं लागत नाही, तुम्हीच त्याच्या दारात जाता. म्हणून संशय येत नाही. फोन तर आपण केलेला असतो.

‘गूगलनं सांगितलं’ असं आपण म्हणतो. गूगल किंवा दुसरं कुठलंही सर्च इंजिन ऑफिसातल्या शिपायासारखं असतं. मागितली ती फाइल धावत जाऊन आणतो, पण फाइलीत खरं लिहिलंय की खोटं, याचा जिम्मा त्याच्याकडे नाही. कंपनीच्या नावापुढे ‘हेल्पलाइन’ लिहून आपला नंबर चिकटवलेलं पान कुणीही बनवू शकतो. वरच्या काही जागा पैसे देऊन घेतलेल्या असतात, त्यांच्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या किंवा शाखेच्या माहितीत त्रयस्थ माणूसही दुरुस्ती सुचवू शकतो. आणखी एक गोष्ट: कितीतरी ॲपवाल्या कंपन्यांचा फोन नंबर मुळात नसतोच, त्यांचं सगळं बोलणं ॲपच्या आतल्या चॅटवर चालतं. जो नंबर अस्तित्वातच नाही तो शोधायला गेलात, तर सापडेल तो खोटाच असणार.

तेव्हा नंबर नेटवर शोधायचाच नाही. तो वस्तूवर असतो. बँकेचा डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर, विजेचा बिलावर, फ्रिजचा वॉरंटी कार्डावर, गॅसचा पुस्तकावर, बाकीचं ज्या ॲपवरून मागवलं त्याच ॲपच्या ‘मदत’ या भागात. आणि तो गरज पडायच्या आधी उतरवून ठेवायचा, कारण गरज पडते तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

फोनवरच्या कुणीही ‘हे ॲप टाका, मी इथून बघतो’ म्हटलं की बोलणं तिथेच संपवा. स्क्रीन दुसऱ्याला दिसू देणारी ॲप कामाची असतात, पण अनोळखी माणसासाठी ती टाकणं म्हणजे तिजोरीची किल्ली देऊन वर दार उघडं ठेवणं. रिझर्व्ह बँकेनं अशा ॲपबद्दल २०१९ सालीच सावध केलं होतं. व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाइल, मग ती वाहतूक चलानाची असो, लग्नाच्या आमंत्रणाची असो की बँकेच्या केवायसीची, उघडायची नाही. चुलत भावाकडून आली असली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. यूपीआयचं एकच वाक्य घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या: पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढलाय आणि घेणारा म्हणतो, ‘क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’, तर सोफा राहू द्या.

आणि पैसे गेलेच, तर १९३०. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. गेलेली रक्कम चोराकडे थेट पोचत नाही, ती या खात्यातून त्या खात्यात फिरत जाते. तुमची तक्रार नोंदली गेली की ती त्या बँकांपर्यंत जाते आणि वाटेत जे सापडेल ते गोठवता येतं. म्हणून इथे तास मोजायचे, दिवस नाही. फोन लावताना रक्कम, वेळ, बँकेचं नाव आणि व्यवहाराचा क्रमांक समोर ठेवा; यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो आणि ॲपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. पाठोपाठ आपल्या बँकेला कळवा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार टाकून तिचा क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं झालेलं नसतं. काकांची जी रात्र लाजेत गेली ती सगळ्यात महाग पडली. घरात कुणी फसलं तर पहिला अर्धा तास त्याला शहाणपण शिकवू नका. फोन लावा.

पत्ता शेवटून वाचा

संकेतस्थळ खरं की खोटं हे ओळखायला संगणकाचं शिक्षण लागत नाही, पोस्टमनची नजर लागते. टपालाच्या पत्त्यात घराचं नाव आधी, गाव नंतर, जिल्हा शेवटी. पाकिटावर ‘राजवाडा’ लिहिलंय म्हणून ते साताऱ्याचंच असं नसतं, पोस्टमन खाली तालुका-जिल्हा बघतो. नेटवरचा पत्ताही तसाच. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या; त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचा जो तुकडा, तो मालकाचा. त्याच्या डावीकडे कुणीही काहीही लिहू शकतो. तुमच्या बँकेचं नाव आधी आलं आणि शेवटी ‘हेल्प-केवायसी डॉट कॉम’ असलं, तर ते पान ‘हेल्प-केवायसी’वाल्याचं आहे, बँकेचं नव्हे.

सरकारी संकेतस्थळं बहुतेक ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’नं संपतात. रेल्वे तिकिटांचं मात्र ‘को डॉट इन’नं संपतं, असे अपवाद आहेत. बँकांचं काम आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेपटावर यायला सांगितलं होतं. तुमच्या बँकेचा तसा पत्ता एकदा शाखेत विचारून घ्या आणि ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा. नंतर बँक कधीही ‘शोधायची’ नाही, खूण दाबायची.

सातबाऱ्याचं उदाहरण घेतो, कारण त्यात गोंधळ फार. ‘सातबारा ऑनलाइन’ असं शोधलं की पानंच्या पानं येतात. त्यात खाजगी ॲपं असतात, अर्ज भरून देणारे असतात, नुसत्या जाहिराती दाखवणारे असतात. खरी सरकारी ठिकाणं दोन. भूलेखावर सातबारा फुकट बघायला मिळतो, पण तो फक्त माहितीसाठी; त्यावर कुणाची सही नसते. तो छापून बँकेत कर्जाला गेलात तर साहेब परत पाठवणार. दुसरं ठिकाण डिजिटल सातबाऱ्याचं. तिथे थोडं शुल्क भरून डिजिटल सहीचा उतारा मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. म्हणजे पुन्हा अण्णांचाच प्रश्न: सही कुणाची?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘नवीन जीआर’चंही तेच. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय निघतो. निघाला नाही तर कागद खोटा समजायचा आणि ज्यानं पाठवला त्याला प्रेमानं तसं कळवायचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हे दोनदा केलं. तिसऱ्यांदा करायची वेळ आली नाही; मला जीआर पाठवायचंच सगळ्यांनी बंद केलं.

मराठीत शोधताना एक अडचण येते ती शुद्धलेखनाची. ‘पीक विमा’ आणि ‘पिक विमा’ अशा दोन्ही प्रकारे लिहिणारे लोक असतात आणि दोन्हींना येणारी पानं सारखी नसतात. दोन्ही टाकून बघा. नेमका वाक्प्रयोग हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका. शब्दाचा अर्थ हवा असेल तर पहिल्याच पानावर थांबू नका. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेला मराठी विश्वकोशही नेटवर आहे, त्याचा पहिला खंड १९७६ चा. मुलांच्या प्रकल्पासाठी आईबाप रात्री अकरा वाजता काय काय उतरवून घेतात ते मी पाहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतो.

हल्ली शोधलं की वरच एक तयार उत्तर येतं, एआयनं लिहिलेलं. भाषा छान, चूक असली तरी चाचरत नाही. २०२४ साली अमेरिकेत अशाच एका उत्तरानं पिझ्झ्यावरचं चीज निसटू नये म्हणून त्यात गोंद घालायला सांगितलं होतं. कुणीतरी जुन्या काळी थट्टेनं लिहिलेलं यंत्रानं खरं मानलं. गोंद आपण घालणार नाही. पण ‘अर्जाची शेवटची तारीख’, ‘लागणारी कागदपत्रं’, ‘औषधाचा डोस’ अशा ठिकाणी आपण तेच वाक्य डोळे झाकून घेतो. उत्तराखाली दिलेली मूळ लिंक उघडा, तिथे तारीख बघा. तीन वर्षांपूर्वीची असेल तर उत्तरही तितकंच जुनं.

प्रकृतीबद्दल फार लिहीत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी लक्षणं शोधू नका, आल्यावर शोधा. आजाराचं नाव हातात असलं की वाचलेलं समजतं, नसलं तर पित्ताचाही झोप उडवणारा आजार होतो. नेटवर वाचून चालू गोळी बंद करू नका. छातीत दुखत असेल तर काहीही न शोधता १०८.

वाट

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कोतूळच्या बाजूला, रात्री एक गाडी मोबाईलच्या नकाशाप्रमाणे जाता जाता धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि एका माणसाचा जीव गेला. पूल पाण्याखाली आहे हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असणार. नकाशाला नव्हतं.

नकाशा वापरा, मीही वापरतो. पण पावसाळ्यात, रात्री किंवा घाटात डांबरी सोडून बारीक रस्त्यावर वळायला सांगितलं, तर आधी एखाद्या टपरीवर चहा घ्या. “दादा, पुढचा पूल चालू आहे ना?” एवढंच विचारायचं. वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवायचे आदेश निघत असतात. प्रवासाला निघायच्या आधी ते बातमीपत्रात बघा. रेंज जाणार हे धरूनच चालायचं, म्हणून घरून निघताना त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि वाटेतली चार गावं लक्षात ठेवा.

एका नंबरावर घर

बँक, आधार, गॅस, प्रॉव्हिडंट फंड, मुलांची शाळा, सगळ्यांचा ओटीपी एकाच मोबाईल नंबरावर येतो. घराचा उंबरठा आता तो आहे. तरी बघा, दुसरं स्वस्त कार्ड मिळालं म्हणून आपण पहिलं कार्ड तसंच सोडून देतो. न वापरलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याला जातात. नंबर सोडायचा असेल तर आधी बँक आणि आधार यांच्याकडे नवा नंबर लावून घ्या, महिनाभर दोन्ही चालू ठेवा, मगच जुना सोडा.

केंद्र सरकारचं ‘संचार साथी’ नावाचं पोर्टल २०२३ पासून आहे. तिथे तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. बघाच एकदा, क्वचित नको ते सापडतं. फोन हरवला तर तो तिथूनच बंद पाडता येतो. मात्र त्याआधी कंपनीला सांगून सिम बंद करायचं आणि बँकेला कळवायचं. फोन नवा घेता येतो, सिम चोराच्या हातात राहिलं तर खातं रिकामं होतं.

डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि त्यात थेट सरकारकडून आलेली कागदपत्रं मूळ कागदांच्या बरोबरीची मानली जातात. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं त्यात ठेवायला मोठी सोय. तरी मूळ कागद माळ्यावर फेकू नका. आणि आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर उघडे फिरवू नका. लॉजवाल्याला पाठवलेलं आधार पुढे कुठे जातं ते तोही सांगू शकणार नाही.

दाखले काढायला आपले सरकार सेवा केंद्रात गेलात, ज्याला अजूनही आपण ‘सेतू’ म्हणतो, तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त दोन गोष्टी: ओटीपी स्वतः वाचून मग सांगा, कशाचा आहे ते बघा, आणि पावती घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे ते त्याखाली ठरवून दिलेलं असतं आणि नाही मिळाला तर अपील करता येतं. पण पावतीवरचा अर्ज क्रमांक नसेल तर अपील कशाचं करणार?

उधारीचा नारळ

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. जन्मकाळ सकाळीच झाला होता, मी नेहमीप्रमाणे उशिरा, बारा वाजता मारुतीला निघालो. देवळाबाहेरच्या मावशींकडून नारळ आणि रुईच्या पानांची माळ घेतली, क्यूआर कोडसमोर फोन धरला आणि ते चक्र फिरतच राहिलं. शेजारच्या दोघांचंही तेच. त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं होतं. पंधरवड्यापूर्वी, २६ मार्चलाही अडखळलं होतं. खिशात दमडी नव्हती. मावशी म्हणाल्या, “न्या हो. मारुती काय पळून चाललाय? परत येताना द्या.”

मावशी मला ओळखत होत्या म्हणून नारळ मिळाला. औषधाच्या दुकानात, अनोळखी गावात, टोल नाक्यावर असं कुणी म्हणणार नाही. एक बिघाड किती लांब पोचतो ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे संगणक निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विमानतळावरसुद्धा शेवटी पेन आणि कारकूनच लागला.

दोन दिवसांचा घरखर्च भागेल इतकी रोकड घरात असू द्या, सुट्ट्या नोटांत. पाकिटात पाचशे असू द्या. दुसऱ्या बँकेचं एखादं कार्ड चालू ठेवा. आणि चार माणसांचे नंबर तोंडपाठ करा, अगदी पाढ्यांसारखे. नेटवर सापडेल अशी खात्री असलेली माहिती माणूस लक्षात ठेवत नाही, ती कुठे सापडेल तेवढं लक्षात ठेवतो, असं अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली मांडलं होतं. त्यांच्या अभ्यासातला एक प्रयोग पुढे २०१८ मध्ये पुन्हा करून पाहिला तर तसा निकाल आला नाही, त्यामुळे मेंदू गंजतोय म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बायकोचा नंबर सांगता येईल का, हे आत्ता फोन न बघता करून पाहा. मला माझ्या आजोळच्या लँडलाइनचा पाच अंकी नंबर अजून येतो. बायकोचा मागच्या महिन्यात पाठ केला.

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या कपाटातून रेक्झिनच्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. विमा पॉलिसीचे नंबर, बँकेच्या ठेवी, कुठे कुणाचं नाव वारस म्हणून लावलंय, घरपट्टी कधी भरली, वायरमन दुपारी एकनंतरच फोन उचलतो, असं सगळं. आम्हाला काहीही शोधावं लागलं नाही. तेराव्याच्या आत सगळे कागद लागले. त्या रात्री मी मनात हिशोब केला, उद्या मी गेलो तर? माझी ठेव कुठल्या ॲपमध्ये आहे, वीजबिल कुठल्या खात्यातून आपोआप जातं, फोनचं लॉक काय, हे माझ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा एक वही करा. चाळीस पानी पुरते. त्यात बँकांची नावं, खाती, विमा, ठेवी, वारसाची नावं, कोणतं बिल आपोआप जातं आणि कुठून, वीज ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर, डॉक्टर, वायरमन, प्लंबर आणि घरच्यांचे मोबाईल. ओटीपी कुठल्या नंबरावर येतो आणि फोन कसा उघडायचा, हेही कुणा एकाला सांगून ठेवा. पिन आणि पासवर्ड या वहीत नकोत, ते बंद पाकिटात, लॉकरमध्ये. गूगलच्या खात्यात ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ नावाची सोय आहे. आपण बराच काळ खातं वापरलं नाही तर ते कुणाला बघू द्यायचं ते तिथे नेमून ठेवता येतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत वही अद्ययावत करा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती दाखवून ठेवा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात १९३० लिहा, त्याखाली बँकेचा नंबर. तो कार्डाच्या मागे आहे, नेटवर शोधू नका.